निंदकाच्या घराचा पत्ता

सप्टेंबर २०२५ मध्ये एका वृत्त-संकेतस्थळाविरुद्धच्या बदनामीच्या खटल्याची सुनावणी चालू असताना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एम. सुंदरेश यांनी, बदनामी हा फौजदारी गुन्हा न ठेवण्याची वेळ आता आली आहे, अशा आशयाचा तोंडी शेरा मारला आणि एक जुना वाद पुन्हा पेटला. एक बाजू म्हणते की समाजमाध्यमांवर कोणीही उठून कोणाचीही अब्रू घेत असताना हा एकुलता एक धाकही काढून घेणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय. दुसरी बाजू म्हणते की हा कायदा सत्ताधाऱ्यांच्या हातातली छडी आहे, ती मोडलीच पाहिजे. या दोघांच्या मध्ये एक तिसरा, शहाणपणाचा वाटणारा सूर असतो: दुर्लक्ष करा, दोन दिवसांत लोक विसरतात. तिन्ही बाजूंना लिहिणाऱ्याचे काय करायचे याचीच चिंता आहे. त्याला आत टाकायचे, मोकळा सोडायचा की त्याच्याकडे पाठ फिरवायची, एवढाच त्यांचा वाद. ज्याच्याविषयी खोटे लिहिले गेले त्या माणसाला नेमके काय परत मिळायला हवे, हा प्रश्न त्यांच्यातले कोणी विचारताना दिसत नाही. माझे उत्तर असे की त्याला दुरुस्ती मिळायला हवी: जिथे खोटे वाचले गेले तिथेच, तितक्याच ठळकपणे आणि लोकांना ते आठवते आहे तोवर. तुरुंगाची तरतूद जावी, हे मला मान्य आहे. पण तिच्या जागी दुरुस्तीची चालू शकणारी वाट न बांधता ती गेली, तर सामान्य माणूस आजच्यापेक्षाही उघडा पडेल.

आधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण या वादातला निम्मा गोंधळ तो न केल्यामुळे होतो. ‘अमुक डॉक्टर उद्धट आहेत, मी पुन्हा त्यांच्याकडे जाणार नाही’ हे मत आहे. ते डॉक्टरांना कितीही झोंबले तरी त्यावर कायद्याने काही करण्यासारखे नाही आणि नसावेही. ‘अमुक डॉक्टरांनी रुग्ण गेल्यानंतरही दोन दिवस बिल चढवले’ हे मात्र विधान आहे; ते खरे असेल किंवा खोटे असेल, आणि कागद पाहून ते ठरवता येईल. खरे असेल तर ती बदनामी नव्हे, ते लोकांवर उपकार आहेत. खोटे असेल तर त्या डॉक्टरांचे जे नुकसान झाले ते ‘भावना दुखावल्या’ या सदरात मोडत नाही. आपल्याकडे नेमके उलटे घडते. मतावर माणसे चवताळतात, आणि विधानावर ‘बघा, आगीशिवाय धूर निघत नाही’ म्हणून मान डोलावतात.

दुर्लक्षाच्या बाजूने जो सर्वांत बळकट मुद्दा आहे तो अमेरिकेतला आहे. २००३ साली बार्बरा स्ट्राइसँड या गायिकेने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याच्या छायाचित्रसंग्रहातून आपल्या घराचे चित्र काढून टाकावे म्हणून पाच कोटी डॉलरचा दावा लावला. तोवर ते चित्र सहा वेळा उतरवून घेतले गेले होते, आणि त्यातही दोन वेळा तिच्याच वकिलांकडून. दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांहून अधिक लोक ते पाहून गेले. ज्या गोष्टीकडे कोणी बघत नव्हते तिच्याकडे आपणच बोट दाखवू नये, हा धडा खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. बारा जणांनी वाचलेल्या शिवीला उत्तर देणारा माणूस ती बाराशे जणांपर्यंत पोहोचवतो. पण स्ट्राइसँडच्या घराचे ते चित्र खोटे नव्हते, हे या उदाहरणाचा हवाला देणारे विसरतात. तिला एक खरी गोष्ट झाकायची होती. खोट्या विधानाला हा नियम जसाच्या तसा लागू करणे म्हणजे न केलेल्या चोरीबद्दल गप्प बसायला सांगणे आहे.

लोक विसरतात, हे तरी खरे आहे काय? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर. पण अडीचशे वर्षांनी शाळकरी मुलाला विचारा, तो आनंदीबाईंचे नाव घेईल आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ कसे झाले ते रंगवून सांगेल. ती खाडाखोड केलेला मूळ कागद कोणत्या दप्तरात सापडल्याचे ऐकिवात नाही. एका अक्षराच्या गोष्टीने त्या बाईंचे सगळे आयुष्य व्यापले, इतके की ‘ध चा मा करणे’ हा आपल्या बोलण्यातला वाक्प्रचार झाला. हे छापखाना पुण्यात येण्याच्या आधीचे आहे. आज नाव टंकले की पहिल्या पानावर तेच विधान वर येते, लग्न जुळवणारे ते वाचतात, नोकरी देणारे वाचतात, आणि यंत्राला विसरण्याची सवय नाही. ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ असे आपण म्हणतो, आणि ते म्हणणे थोर आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. त्या निंदकाला घर आहे, त्या घराला दार आहे, आपण उंबऱ्याशी जाऊन ‘काय हो, हे तुम्ही कशावरून म्हणता?’ असे विचारू शकतो. आजच्या निंदकाचे घरच कुठे आहे ते कळत नाही. त्याला टोपणनाव आहे, फुलाचे चित्र आहे, पत्ता नाही.

इथे स्वतःचा एक छोटा अनुभव सांगतो. तो मोठा नाही म्हणूनच उपयोगी आहे. काही वर्षांपूर्वी मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा खजिनदार होतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम झाले आणि पंधरवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एका सभासदाने लिहिले की खजिनदाराने ठेकेदाराकडून आपला वाटा घेतला. पहिल्या रात्री मी चार लांबलचक उत्तरे लिहिली आणि सुदैवाने एकही पाठवले नाही. मुलगा म्हणाला, पोलिसांत जाऊ. चिटणीस म्हणाले, ‘सोडा हो, कर नाही त्याला डर कशाला?’ मी तिसरेच केले. तिन्ही दरपत्रके, समितीच्या बैठकीचा ठराव, धनादेशाच्या नोंदीचे बँकेचे पान आणि ठेकेदाराची पावती अशी कागदपत्रे एकत्र करून सूचनाफलकावर लावली, तीच गटावर टाकली, आणि खाली एकच वाक्य लिहिले: यातील कोणती नोंद चूक आहे ते सांगावे. त्या सभासदाने क्षमा मागितली नाही; ती मी मागितलीही नव्हती. पण त्यानंतर त्या विधानाला कोणी दुजोरा दिला नाही. मी गप्प बसलो असतो तर पुढच्या वार्षिक सभेत ते विधान ‘तेव्हा काहीतरी झाले होते म्हणे’ या रूपाने परत आले असते, आणि फिर्याद केली असती तर गच्चीचा हिशेब बाजूला पडून एका म्हाताऱ्या शेजाऱ्याला कोर्टात ओढणारा खजिनदार म्हणून माझी कीर्ती झाली असती.

फौजदारी कायदा ठेवा म्हणणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनेशी सुसंगत ठरवला आणि प्रतिष्ठा हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले. विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ मधल्या आपल्या २८५व्या अहवालात तो कायम ठेवण्याची शिफारस केली. त्यांचा व्यावहारिक मुद्दा तर आणखी जोरदार आहे: दिवाणी दाव्यात मागितलेल्या भरपाईच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, वर्षानुवर्षे तारखा पडतात, आणि शेवटी हुकूमनामा मिळाला तरी समोरच्याच्या खिशात दमडी नसेल तर वसूल काय करणार? गरिबाला परवडणारा धाक म्हणजे फौजदारी फिर्याद. हे ऐकताना पटते. पण भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतली ४९९ आणि ५००, प्रत्यक्षात काय देते ते पाहावे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, आणि आता नव्याने समाजसेवेचा पर्याय. गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात गेलात तर नोंद घेऊन तुम्हाला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, म्हणजे वकील आणि तारखा इथेही चुकत नाहीत. आणि शिक्षा झालीच तरी ते खोटे विधान जिथे होते तिथेच राहते. फिर्यादीने पुसले काय?

याचे उत्तर महाराष्ट्राने १८८२ मध्येच पाहिलेले आहे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा, चौथ्या शिवाजींचा, छळ होत असल्याच्या बातम्या येत होत्या आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात असल्याचे दाखवणाऱ्या पत्रांच्या आधारे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्यांच्यावर तोफ डागली. बर्वे यांनी फिर्याद केली. ती पत्रे बनावट निघाली, टिळक आणि आगरकर यांनी माफीही मागितली, तरी दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटले, तेव्हा त्यांच्या स्वागताला लोक जमले होते. आता हिशेब करा. बर्वे यांच्यावरचा डाग ज्याने पुसला असता ती गोष्ट होती पत्रे बनावट असल्याचा पुरावा आणि माफी. ती दोन्ही त्यांना शिक्षेच्या आधीच मिळाली होती. शिक्षेने त्यांच्या पदरात काय पडले? दोन संपादक लोकांचे लाडके झाले, आणि बर्वे मराठी माणसाच्या स्मरणात उरले ते टिळक-आगरकरांना तुरुंगात घालणारे कारभारी म्हणून. खटला ते जिंकले आणि नाव हरले. दुसरा धडा लिहिणाऱ्यांसाठी आहे, आणि तो सांगताना आपल्या थोरांविषयीच्या आदराने जीभ अडखळू नये: महाराजांविषयीची काळजी खरी होती, १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला त्यांचा जो अंत झाला त्याने ती खरी असल्याचे दिसलेही, पण खरी तक्रार न तपासलेल्या कागदावर उभी केली की कागदाबरोबर तक्रारही पडते. आज ‘मी फक्त जसे आले तसे पुढे पाठवले’ म्हणणाऱ्याला मी हेच सांगेन. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, बदनामीकारक मजकूर पुन्हा प्रसृत करणे हीही बदनामी ठरू शकते, असे म्हटले आहे, आणि त्यात नवे काही नाही. ऐकीव गोष्ट सांगणारा तिचा वाटेकरी असतो हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

शिवाय हा धाक कोणाला परवडतो? आपल्या फौजदारी कायद्यात विधान खरे असणे एवढे पुरत नाही. ते सार्वजनिक हितासाठी केले हेही दाखवावे लागते. तामिळनाडूत जयललिता यांच्या कारकिर्दीत सरकारच्या वतीने पत्रकारांवर आणि विरोधकांवर बदनामीच्या खटल्यांची रास पडली, आणि सार्वजनिक जीवनातल्या व्यक्तीने टीका सोसली पाहिजे असे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सुनवावे लागले. पालघरची गोष्ट तर घरचीच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका मुलीने फेसबुकवर प्रश्न केला, दुसरीने त्याला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. तो बदनामीचा गुन्हा नव्हता. पण ‘समाजमाध्यमांवर कडक कायदा हवा’ अशी मागणी करणाऱ्यांनी कडक कायदा पहिल्यांदा कोणाच्या दारात जातो ते तिथे पाहावे. त्या प्रकरणाने वादात सापडलेले, ‘आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ शेवटी मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द झाले.

मग दिवाणी मार्ग? तत्त्वतः तोच योग्य आहे, आणि एके काळी तो चालतही होता. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात करसनदास मुळजी यांनी वल्लभ संप्रदायातल्या महाराजांच्या वर्तनावर लिहिले, आणि जदुनाथजी महाराजांनी १८६१ मध्ये पन्नास हजार रुपयांचा दावा लावला. मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयात डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या माणसाने साक्षीला उभे राहून महाराजांच्या रोगाविषयी सांगितले, आणि एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. दावा लावून तोंड बंद करू पाहणाऱ्याचेच पितळ उघडे पडले, आणि तेही वर्षभरात. आता याच्या शेजारी भारतातला इंटरनेटवरील बदनामीचा पहिला गाजलेला खटला ठेवा. दिल्लीतल्या एका कंपनीला २००१ मध्ये तिच्याविषयी घाणेरडे ईमेल पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याविरुद्ध मनाई हुकूम मिळाला, आणि सगळीकडे त्याचे कौतुक झाले. अंतिम निकाल लागला तेरा वर्षांनी, २०१४ मध्ये, आणि ते ईमेल त्यानेच पाठवले हे सिद्ध झाले नाही म्हणून दावा फेटाळला गेला.

हे का होते ते ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने नीट समजून घ्यावे, कारण बहुतेकांचा दावा कोर्टाच्या पायरीपर्यंत पोहोचण्याआधीच मरतो. दिवाणी दाव्याची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून फक्त एक वर्ष आहे, आणि ‘तो अजून तिथे दिसतो आहे’ म्हणून ती रोज नव्याने सुरू होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच तसे म्हटले आहे. पुराव्याचे तर शास्त्रच आहे. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून निघालेल्या अर्जुन खोतकर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे ठरवले, आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या प्रमाणपत्रावर पक्षकाराबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते. म्हणून संतापाच्या भरात संदेश पुसून टाकणारा, गट सोडून जाणारा किंवा फोन बदलणारा माणूस समोरच्याचाच वकील होतो. आधी पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे चित्र घ्यावे, ज्या फोनवर ते आले तो जपावा, ज्या तिऱ्हाइताने ते वाचले त्याचे नाव लिहून ठेवावे, आणि मगच रागवावे. लिहिणारा अज्ञात असेल तरी दावा लावता येतो. अशा अज्ञात प्रतिवादीला आपली न्यायालये ‘अशोक कुमार’ म्हणतात. (मराठीत लिहायचे झाले तर सोम्यागोम्या म्हणावे लागेल.) त्यानंतर समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीने लिहिणाऱ्याची माहिती द्यावी असा आदेश मागता येतो. पण एवढे सगळे करायला तालुक्याच्या गावात शिकवणी घेणाऱ्या बाईंकडे ना पैसा असतो ना वेळ.

मजकूर ज्या कंपनीच्या जागेत आहे तिला सांगून तो काढून का टाकू नये? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने चोवीस तासांत पोच आणि, २०२६ च्या दुरुस्तीनंतर, सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि २०२२ पासून त्याविरुद्ध अपील समितीकडेही जाता येते. या वाटेने जरूर जावे. परंतु श्रेया सिंघल निकालानंतर न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशाशिवाय मजकूर काढण्याची सक्ती कंपनीवर नाही, आणि बदनामीच्या तक्रारीला बहुधा ‘आदेश आणा’ हेच उत्तर येते. पुष्कळांना याचा राग येतो. मला येत नाही. खरे काय आणि खोटे काय हे परदेशी कंपनीच्या कर्मचाऱ्याने ठरवू लागणे मला त्या बदनामीहून भयंकर वाटते, कारण तक्रार येताच काढून टाकण्याचा नियम झाला तर त्याचा पहिला फायदा खरे डागाळलेले लोक घेतील. करसनदासांचा लेख एका दिवसात गायब झाला असता.

काढून टाकण्याऐवजी जोडायला लावावे, असे माझे म्हणणे आहे. उत्तराचा हक्क ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाला, ज्या ‘योगक्षेम’ या आपल्या मासिकात त्याने प्रा. मनुभाई शहा यांच्या अभ्यासाचे खंडन छापले होते, त्याच मासिकात शहा यांचे प्रत्युत्तर छापायला लावले. तो निर्णय सरकारी संस्थेपुरता होता हे खरे. फ्रान्सने मात्र १८८१ च्या वृत्तपत्र कायद्यातला हा हक्क २००४ मध्ये इंटरनेटलाही लावला. आपल्याकडे असे व्हावे: ज्याच्याविषयी नाव घेऊन विधान केले गेले त्याने ओळख पटवून, कागदांसह, ठरावीक शब्दांत उत्तर दिले तर ते मूळ मजकुराला चिकटवणे कंपनीवर बंधनकारक असावे, आणि मूळ मजकूर पुढे गेला तर उत्तरही त्याच्यासोबत जावे. त्यापलीकडचा वाद जिल्हा न्यायालयात नाममात्र शुल्कावर, मर्यादित महिन्यांत, ‘हे विधान असत्य आहे’ एवढ्याच घोषणेपुरता चालावा. भरपाई ज्याला हवी त्याने नेहमीचा दावा लावावा.

यावर आक्षेप येईल की उत्तर कोणी वाचत नाही, खोटे गाव फिरून येते तोवर खरे चपला शोधत असते. बरोबर आहे, म्हणूनच ते वेगळ्या पानावर नको, त्याच मजकुराच्या अंगाला हवे. काही प्रकारांना उत्तर असूच शकत नाही, हेही मी मान्य करतो. एखाद्या मुलीचा चेहरा दुसऱ्याच शरीरावर लावून चित्र पसरवले तर तिने कोणते कागद जोडायचे? ते विधान नसतेच, तो हल्ला असतो. त्याला वेगळी कलमे आहेत, तिथे पोलीस हवेत आणि तत्काळ हवेत. अशी चित्रे तक्रारीनंतर दोन तासांत हटवण्याचे बंधन २०२६ पासून नियमांत आहे, आणि ते ढिले होऊ नये. खंडणीसाठी बदनामीची धमकी देणाऱ्याचेही तेच. या गुन्ह्यांची उदाहरणे देऊन बदनामीचे कलम राखू पाहणारे लोक दोन वेगळ्या आजारांची एकच पुडी बांधतात.

आमच्या सोसायटीच्या गटावर तो आरोप अजून आहे. वर सरकवत गेले की सापडतो. गेल्या वर्षी नव्याने राहायला आलेल्या एका गृहस्थांनी तो वाचला आणि लिफ्टमध्ये मला अवघडत विचारले. मी त्यांना सांगितले की त्याच्या खालचे सहा कागदही उघडून बघा, आणि काही चुकलेले दिसले तर सांगा. त्यांनी दुसऱ्या दिवशी पावतीवरची बेरीज तपासली होती.